हाड जुळले, मनाचे काय?

गेल्या महिन्यात दवाखान्यात एक शिक्षिका आल्या. तक्रार झोपेची. रात्री दोन-अडीचला दचकून जाग येते, छातीत धडधडते, अंग घामाने भिजते आणि मग उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. रक्तदाब पाहिला, ठीक होता. साखर आणि थायरॉइडच्या तपासण्या आधीच झाल्या होत्या, त्यांतही काही निघाले नव्हते. बोलता बोलता कळले की, आठ महिन्यांपूर्वी शाळेतून परतताना त्यांच्या स्कूटरला मागून टेम्पोची धडक बसली होती. मनगटाचे हाड मोडले, कपाळाला सहा टाके पडले. प्लास्टर निघून सहा महिने उलटले. "पुन्हा ते संकट नको" म्हणून घरच्यांनी स्कूटर विकून टाकली. आता बाई दोन एस.टी. बदलून शाळेला जातात आणि सायंकाळी सातला घरी पोहोचतात. उठता उठता त्यांनी मला विचारले, "डॉक्टर, गाडी विकली, तरी भीती का जात नाही?"

झोपेची गोळी लिहून देणे सोपे होते. मी ती दिली नाही. त्यांना पुन्हा बसायला सांगितले आणि माझीच हकिगत ऐकवली. तीच आज वाचकांपुढे ठेवतो आहे. स्वतःविषयी लिहिण्याचा संकोच वाटतो. पण या विषयात डॉक्टरनेच लपवाछपवी केली, तर रुग्णाने मोकळे कसे व्हावे?

उसाची भिंत

डिसेंबर 2011. कारखान्यांचा गळीत हंगाम जोरात होता. एका नातलगाच्या लग्नाहून मी आणि सौ. रात्री परतत होतो. गाडी मी चालवत होतो, वेग बेताचा होता. समोरून येणाऱ्या ट्रकच्या झोताने क्षणभर डोळे दिपले. झोत सरला, तेव्हा काचेपुढे उसाची भिंत उभी होती. पंक्चर झालेली ट्रॉली मध्येच सोडून ट्रॅक्टरवाला निघून गेला होता. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, रस्त्यावर झाडाची एक फांदी ठेवण्याचीही तसदी कोणी घेतली नव्हती.

पट्टे लावले होते म्हणून आम्ही दोघे वाचलो. माझ्या उजव्या मांडीचे हाड मोडले, त्यात सळई घालावी लागली. सौ.चे खांद्याजवळचे हाड आणि दोन बरगड्या. चार महिन्यांत मी काठीविना चालू लागलो. हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितले, "आता गाडी चालवायला हरकत नाही." त्या दिवशी घरी येऊन मी दुरुस्त होऊन आलेल्या गाडीत बसलो, किल्ली फिरवली, इंजिन सुरू झाले आणि माझे दोन्ही हात लटपटायला लागले. तोंडाला कोरड पडली. किल्ली काढून मी खाली उतरलो आणि सौ.ला म्हणालो, "पाय अजून दुखतोय."

पुढचे काही महिने मी हेच सांगत राहिलो. व्हिजिटसाठी एका मुलाला चालक म्हणून ठेवले. तो गाडी चालवत असताना शेजारी बसून माझा पाय आपोआप ब्रेक दाबू पाही. समोर ट्रॅक्टर दिसला की मी दाराची मूठ घट्ट धरी. सर्वांत चमत्कारिक गोष्ट म्हणजे बसस्थानकाजवळच्या रसवंतीतले घुंगरू वाजले आणि उसाच्या रसाचा वास आला, तरी पोटात गोळा येई. मी तो रस्ताच सोडला आणि दवाखान्यात लांबच्या बोळातून जाऊ लागलो. इतके करूनही मला आपल्याला काही आजार आहे असे वाटले नाही. मी 'सावध' झालो आहे, अशी माझी समजूत होती.

ही समजूत ऑगस्ट 2012 च्या एका रात्री उतरली. वस्तीवरून फोन आला. माझ्या जुन्या रुग्ण असलेल्या एका आजींना दम्याचा जोराचा झटका आला होता. चालक मुलगा गावी गेलेला. मी पेटी घेतली, गाडीत बसलो, किल्ली हातात धरली आणि तसाच बसून राहिलो. किती वेळ, ते मला आजही सांगता येणार नाही. शेवटी शेजारच्या तरुणाला उठवले आणि त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून गेलो. पंधरा मिनिटांच्या वाटेला जवळजवळ पाऊण तास लागला. आजी वाचल्या. परंतु इंजेक्शन देताना त्यांचे निळसर पडलेले ओठ मी पाहिले, आणि पाय दुखतो हे निमित्त मला पुढे कधी तोंडाने सांगता आले नाही.

भीती म्हणजे भित्रेपणा नव्हे

ज्यांनी माझे बिंग फोडले, ते एस.टी.तून निवृत्त झालेले एक चालक होते. गुडघ्यासाठी दवाखान्यात यायचे. एके दिवशी सहज म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पाय कधीच बरा झालाय तुमचा. मी पण असंच कंबर दुखती म्हणून सांगायचो." तरुणपणी घाटात त्यांची बस उलटली होती. नोकरी जाईल या धास्तीने त्यांनी कोणाला सांगितले नाही. काही महिने ड्यूटीआधी भीती आणि ड्यूटीनंतर दारू, असा क्रम चालला. एका जुन्या सहकाऱ्याने त्यांना पुढे बसवून, रोज थोडे थोडे करत पुन्हा घाटात नेले. त्या सहकाऱ्याने मानसशास्त्राचे पुस्तक कधी पाहिलेही नसेल. पण त्याने दिलेला उपचार शास्त्राला धरून होता.

अपघातानंतरची भीती नवी नाही. 9 जून 1865 रोजी इंग्लंडमधील स्टेपलहर्स्ट येथे रेल्वेला मोठा अपघात झाला. त्या गाडीत प्रसिद्ध कादंबरीकार चार्ल्स डिकन्स होते. त्यांना इजा झाली नाही, उलट त्यांनीच जखमींना पाणी आणि ब्रँडी पाजली. पण पुढे रेल्वेतच नव्हे, तर साध्या घोडागाडीत बसल्यावरही त्यांना एकाएकी भीतीचा उमाळा येई. अपघातानंतर बरोबर पाच वर्षांनी, 9 जून 1870 रोजी ते वारले. तोवर त्या भीतीने त्यांची पाठ पुरती सोडली नव्हती. त्या काळच्या डॉक्टरांना वाटे की, रेल्वेच्या हादऱ्याने पाठीच्या कण्याला काही इजा होत असावी. मन जखमी होते, हे मान्य करायला वैद्यकाला पुढे फार वर्षे लागली. अशा आघातोत्तर विकाराला अमेरिकेतील मनोविकारांच्या अधिकृत यादीत स्वतंत्र स्थान मिळाले, ते 1980 साली.

आता घडते काय ते पाहू. आपल्या मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, त्याला अमिग्डला म्हणतात. संकटाची घंटा वाजवणे हे त्याचे काम. अपघाताच्या क्षणी तो त्या वेळचे सारे टिपून ठेवतो: झोत, आवाज, वास, वळण. पुढे त्यातले काहीही समोर आले की विचार करायला वेळ न देता तो घंटा वाजवतो. हृदय धडधडते, श्वास वाढतो, हात थरथरतात. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. विंचू चावलेला माणूस पुढे काही दिवस चप्पल झटकूनच पायात घालतो, त्यातलाच हा प्रकार.

बहुतेकांची ही घंटा काही आठवड्यांत आपोआप शांत होते. ज्यांची होत नाही, त्यांचा घात टाळाटाळ करते. गाडीत बसायचे टाळले की लगेच हायसे वाटते. त्या हायसे वाटण्यातून मेंदू धडा घेतो, "टाळले म्हणून वाचलो." पुढच्या वेळी घंटा अधिक जोरात वाजते. आधी रात्रीचे वाहन चालवणे सुटते, मग हमरस्ता, मग गाडी, आणि शेवटी घराबाहेर पडणे. त्या शिक्षिकाबाईंच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. भीतीला नव्याने काही शिकायची संधी ज्या स्कूटरवर मिळाली असती, ती स्कूटरच विकली गेली होती.

पायरी पायरीने

यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. 1924 साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषीने सशाला भिणाऱ्या एका लहान मुलाची भीती घालवली. मूल आवडीचे खात असताना ससा थोडा थोडा जवळ आणायचा, एवढीच युक्ती. शेवटी ते मूल सशाला कुरवाळू लागले. पुढे जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी 1958 सालच्या आपल्या ग्रंथात या तत्त्वावर पद्धतशीर उपचार मांडला. भीतीच्या गोष्टींची शिडी तयार करायची आणि खालच्या पायरीपासून चढायचे.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका मनोविकारतज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी मला शिडी लिहायला लावली आणि प्रत्येक पायरीला शून्य ते दहा असे भीतीचे गुण द्यायला सांगितले. माझी शिडी अशी होती. बंद गाडीत चालकाच्या जागी बसणे, तीन गुण. इंजिन चालू करून जागीच बसणे, चार. शाळेच्या मैदानात फेऱ्या, पाच. सकाळी गावात, सहा. दिवसा हमरस्त्याने पाच किलोमीटर, सात. अपघाताच्या जागेवरून दिवसा जाणे, आठ. रात्री, नऊ. गळीत हंगामात रात्री, दहा. रसवंतीत बसून पेलाभर रस पिणे, ही पायरीही त्यांनी हसत हसत मध्ये घातली. तिला मी पाच गुण दिले होते.

नियम एकच. भीती वाढली की उतरून पळायचे नाही. गाडी सुरक्षित जागी उभी करावी, श्वास हळू सोडावा, पण तिथेच थांबावे. भीती लाटेसारखी असते. चढते आणि न पळाल्यास उतरतेही. गुण निम्म्यावर आले की त्या दिवसाचे काम संपले. तीच पायरी रोज करायची आणि ती कंटाळवाणी झाली की पुढच्या पायरीवर पाऊल टाकायचे.

पहिल्या दिवशी मी बंद गाडीत पस्तीस मिनिटे बसलो. अंगणात बंद गाडीत बसलेला डॉक्टर पाहून शेजाऱ्यांना काय वाटले असेल, ते असो. अपघाताच्या जागी पोहोचायला मला सात आठवडे लागले. सौ. शेजारी बसली होती. तिलाही तिची भीती होती, हे मला त्या दिवशी कळले. वर्षभर मी माझ्याच भीतीत इतका गुरफटलो होतो की, तिला कधी विचारलेच नव्हते. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून आम्ही दोघे अर्धा तास बसलो. शेजारून उसाच्या दोन ट्रॉल्या गेल्या. काही झाले नाही.

भीतीची जुनी आठवण या उपचाराने पुसली जात नाही, तिच्यावर नवी आठवण बसते. म्हणून मध्ये मोठा खंड पडला की भीती पुन्हा डोके वर काढते. मलाही दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला दोन-चार दिवस जड जातात. मी मुद्दाम गाडी काढतो. आठवड्याभरात गाडी रुळावर येते.

घरच्यांस आणि समाजास

माझे स्पष्ट मत असे की, आपल्याकडे अपघातग्रस्ताचे मन दोन प्रकारच्या माणसांच्या तावडीत सापडते. पहिले म्हणतात, "काही होत नाही रे, बस गाडीवर, मर्द आहेस ना?" आणि पहिल्याच दिवशी त्याला घाटात ढकलतात. दुसरे म्हणतात, "नशिबाने वाचलास, आता गाडीचे नाव काढू नकोस." दोघांचाही हेतू चांगला असतो, पण पहिला शिडीवरून ढकलतो आणि दुसरा शिडीच काढून घेतो. तिसरी मंडळी दृष्ट काढतात, गाडीला लिंबू-मिरची बांधतात. त्यावर माझा राग नाही. पण लिंबू बांधून गाडी अंगणातच उभी राहणार असेल, तर त्याचा उपयोग काय?

स्त्रियांच्या बाबतीत तर निर्णय परस्परच होतो. मुलाची मोटारसायकल आपटली की दुरुस्तीला जाते. सुनेची स्कूटर आपटली की विक्रीला निघते. तिच्यासोबत तिची नोकरी, मुलांची शिकवणी, माहेरी जाणे, सारेच दुसऱ्याच्या सवडीवर लटकते. गाडी विकण्याआधी तिला एकदा विचारा तरी.

वाहन चालवणे हेच ज्यांचे पोट आहे, त्या ट्रक, रिक्षा आणि एस.टी. चालकांची स्थिती याहून कठीण. भीती सांगावी तर काम जाते, लपवावी तर दारूचा आधार लागतो. अपघातानंतर चालकाचे डोळे तपासतात, कागदपत्रे तपासतात, "झोप लागते का?" एवढे मात्र कोणी विचारत नाही. 2022 साली देशात 4,61,312 रस्ते अपघात झाले. त्यांत 1,68,491 माणसे दगावली आणि 4,43,366 जखमी झाली, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. या जखमींची हाडे आपण मोजतो. मने कोण मोजतो? अपघाताच्या रुग्णाला महिन्याने फेरतपासणीला बोलावले की, "पुन्हा रस्त्यावर जाता का? स्वप्ने पडतात का?" हे दोन प्रश्न प्रत्येक डॉक्टरने विचारावेत. त्यासाठी यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. हाडाच्या डॉक्टरांनी मला ते विचारले नाहीत, आणि खरे सांगायचे तर त्याआधी मीही माझ्या कोणा रुग्णाला ते विचारले नव्हते.

वाचकांनी ध्यानात ठेवावे

1. पुन्हा वाहन हाती घेण्याआधी शरीर तयार आहे का, हे डॉक्टरांकडून पक्के करा. डोक्याला मार लागला असेल आणि चक्कर, सततची डोकेदुखी किंवा विसराळूपणा असेल, तर आधी त्याची तपासणी करा. ती भीती समजून अंगावर काढू नका.

2. पहिल्या महिन्यात दचकणे, स्वप्ने पडणे, चिडचिड होणे स्वाभाविक आहे. त्या काळात अपघाताची गोष्ट पुन्हा पुन्हा बळेच वदवून घेऊ नये. रुग्ण बोलला तर ऐकावे.

3. महिना उलटूनही त्रास तसाच असेल, रोजचे काम अडत असेल, दारू वाढली असेल, अपघातात कोणी दगावले म्हणून अपराधी वाटत असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नका. 'टेली-मानस' ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तिचा क्रमांक 14416.

4. गुंगी आणणाऱ्या गोळ्या घेऊन वाहन चालवू नये. दुकानातून आपल्या मनाने आणलेल्या गोळ्यांनी भीती दबते, जात नाही. सवय मात्र लागते. आवश्यक तेव्हा तज्ज्ञ योग्य औषध देतात, ते नियमित घ्यावे.

5. शिडी आपली आपण लिहा. पायऱ्या लहान ठेवा. पहिल्या काही दिवसांत शेजारी शांत स्वभावाचा माणूस बसवा. ओरडणारा बसवू नका. पुढे मात्र एकट्याने चालवा, नाहीतर त्या माणसाचीच सवय लागते.

6. भीती घालवायची आहे, सावधपणा नाही. पट्टा, हेल्मेट, बेताचा वेग ठेवाच.

शेवटी एक गोष्ट ट्रॉलीमालकांना आणि कारखानदारांना. माझ्या भीतीचा उपचार मी केला, पण तिचे मूळ माझ्या मनात नव्हते. ते रस्त्यावर अंधारात उभे होते. लाल रिफ्लेक्टरची एक पट्टी चहा-नाश्त्याच्या खर्चात येते. हंगाम सुरू होण्यापूर्वी ती प्रत्येक ट्रॉलीला लागली, तर माझ्याकडे येणारे कित्येक रुग्ण येणारच नाहीत आणि मला त्याचा आनंदच होईल.

त्या शिक्षिकाबाई गेल्या आठवड्यात पुन्हा आल्या होत्या. यावेळी यजमान सोबत होते. नवी गाडी घेतलेली नाही. भावाची जुनी स्कूटर मागून आणली आहे. सकाळी सहाला दोघे मैदानावर जातात. बाई फेऱ्या मारतात, यजमान कठड्यावर बसून वर्तमानपत्र वाचतात. परवा त्यांनी मैदानाच्या फाटकाबाहेर, दुधाच्या डेअरीपर्यंत गाडी नेली. किती गुणांची भीती वाटली, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "जाताना आठ होती, येताना पाच. आणि डॉक्टर, त्या रात्री पहिल्यांदाच पाचपर्यंत झोप लागली."